मामा फक्त साक्षीदार

वानखडे सरांची आणि तुमची ओळख झाली, तर ते तुमचं नाव विचारणार नाहीत. गावही विचारणार नाहीत. चष्मा कपाळावर चढवतील, तुम्हाला एकदा खालून वर न्याहाळतील आणि म्हणतील, "मामा किती तुमाले?"

तुम्ही गोंधळून "दोन" म्हणालात की लगेच पुढचा प्रश्न येतो. "दोनच होते, का दोन उरले?"

माझी बायको पुण्याची. लग्न होऊन अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या घरी आली, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या या गृहस्थांनी तिला फाटकापाशी गाठून हा प्रश्न केला. ती तणतणत आत आली. "अहो, ते शेजारचे, माझे मामा मेले का म्हणून विचारतायत!" ही त्यांची चौकशी करायची पद्धत आहे, असं मी सांगून पाहिलं. तिला पटलं नाही. काही दिवसांनी आमचे नळ कोरडे पडले तेव्हा हेच सर दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन दारात उभे राहिले आणि तिच्यावर ओरडले, "पाणी नाही येऊन राहिलं तं सांगाले काय झालं वहिनी? तोंड नाही काय?" हा माणूस भांडत नसून मदत करतो आहे, हे समजायला तिला अर्धी बादली संपेपर्यंत वेळ लागला. तेव्हापासून मात्र सरांविरुद्ध कोणी काही बोललं तर पहिली तीच उसळते.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मुदतीच्या बऱ्याच आधी निवृत्ती घेऊन घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांची शिकवणी सुरू केली. त्यांच्या खोलीची आणि माझ्या ऑफिसची भिंत एकच. मी वकील. इकडे अशील मला शेताच्या बांधाचं, धुऱ्याचं भांडण सांगत असतो आणि तिकडून पेशी, प्रथिनं, गुणसूत्रं ऐकू येत असतात. माझा एक अशील तर तारखेला येताना मुद्दाम शिकवणीच्या वेळी यायचा. खटला हरला, पण पोराला विज्ञानाला घातलं.

बाकीचे शिकवणीवाले जे प्रकरण अर्ध्या तासात उरकतात, त्यावर सर आठवडा काढतात. त्या प्रकरणाचं नाव गॅमा साखळी. परीक्षेत त्यावर आला तर एखादा प्रश्न येतो. पण सरांचा आवाज त्या आठवड्यात असा लागतो की मला अशिलाला थांबवावं लागतं.

"आपल्या आंगात पहारेकरी पेशी असतेत. रोग आला का त्याईले निरोप जाते, मंग त्या वाढतेत, लढतेत. निरोप आत घ्याले पेशीवर दारं असतेत. सहा तऱ्हेचे निरोप, सहा दारं. पन सहाही दाराले बिजागरी एकाच नमुन्याची! तेच गॅमा साखळी. एवढीशी चीज. सोतंत्रपने काईच कामाची नाही, पन दाराले लागली नाही तं सहाही दारं उघडत नाहीत. निरोप बाहेरच्या बाहेर. पहारेकरी तयारच होत नाहीत. मंग लेकरू कायनं जाते? सर्दीपडशानं जाते! तोंड आल्यानं जाते!"

इथे ते एकदम थांबतात. मग हळू आवाजात पुढचं.

"बिजागरी घडवाचा साचा म्हंजे जनुक. हे जनुक राह्यते एक्स गुणसूत्रावर. पोरीपाशी एक्स दोन. एक साचा मोडका असला तं दुसऱ्यावर निभते. पोरापाशी एकच, आन तो येते आईकडून. आई धडधाकट. तिच्यापाशी एक मोडका साचा हाये हे तिचं तिले मालूम नसते. म्हनून ध्यानात ठेवा, आईची चूक नाही. आईची काईच चूक नाही."

हे वाक्य दरवर्षी प्रत्येक तुकडीला ते दोनदा सांगतात. मग पहिल्या बाकावरचा कोणीतरी विचारतोच, "मंग सर, मामाकडून येते म्हणतात ते?"

धाडकन डस्टर आपटतो. माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.

"मामा फक्त साक्षीदार! लग्नात मामा काय करते? पोरीले धरून आनते आन मांगं उभा राह्यते. इथंबी तेच. मामानं भाच्याले काय देल्लं? काई नाही! मामा जिता हाये, म्हंजे त्याच्या वाट्याले चांगला साचा आला, एवढंच त्याच्याकडं पाहून समजते. 'पोट्टं मामावर गेलं' असं माह्या वर्गात कोनी म्हनलं तं थो कपाळावर खडू खाईन!"

खडू ते खरोखरच मारतात, आणि नेमही चांगला आहे. आजूबाजूच्या गावांत आज डॉक्टर म्हणून बसलेल्या कित्येकांनी तो कपाळावर झेललेला आहे. मुलं त्यांना पाठीमागे 'मामासर' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही.

आता तुम्हीच सांगा, जो माणूस भेटेल त्याला मामांची चौकशी करतो, लग्नपत्रिका दिसली की तिच्या कोऱ्या बाजूवर घराण्याचे चौकोन आणि गोल काढतो, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, आणि गेलेल्यांवर तिरकी रेघ, त्याला आमच्या गावाने काय समजावं? गावाने त्यांना लग्न जुळवणारा समजलं. आमच्याकडे स्थळ पाहताना मामकूळ विचारतातच. एकदा परतवाड्याहून एक गृहस्थ मुलीचा बायोडाटा आणि मुलाकडची सगळी माहिती घेऊन सरांकडे आले. सोबत सांबारवडीचा डबा.

"मुलाले मामा किती?" सर.

"चार."

"जिते किती?"

"चारही! एक तं तलाठी हाये."

"आजीचे भाऊ?"

"तेबी ठणठणीत."

"वा! उत्तम घरानं!" सर मनापासून आनंदले. गृहस्थांनी तेवढ्यावर सुपारी फोडली. पुढे त्या जोडप्याचा संसार इतका चांगला झाला की सरांकडे रीघच लागली. सर ओरडून सांगत, मी लग्नं जुळवत नाही, आणि लोक आपसात म्हणत, खरा जाणकार असाच नामानिराळा राहतो. विशेष म्हणजे जुळवणारा स्वतः बिनलग्नाचा, यावरून कोणाला शंका आली नाही.

बिनलग्नाचे ते का राहिले, हे मला ठाऊक होतं. सरांचं घर मूळ अकोटचं. मोठी बहीण होती, अक्का. तिला पहिली मुलगी झाली, मंजू. मग दोन मुलगे झाले आणि दोन्ही वर्षाच्या आत गेले. दुसरा गेल्यावर सासरच्यांनी अक्काला मंजूसकट माहेरी आणून सोडलं. हिच्या पोटी पोरगा टिकत नाही, एवढं कारण त्यांना पुरलं. सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. दर शनिवारी कॉलेज सुटलं की एसटीने अकोट, आणि सोमवारी पहाटे परत. मंजूची फी, मंजूची सायकल, मंजूचा ताप, मंजूचं लग्न. या शनिवारांमध्ये त्यांचं स्वतःचं लग्नाचं वय निघून गेलं.

अक्काला मी एकदोनदा भेटलो होतो. इतक्या हळू बोलायची की वाटी सरकवल्याचा आवाज जास्त यावा. कायम कुठला ना कुठला उपास. वर्षातून एकदा रिद्धपूरला जाऊन बसायची. देवाला काय मागायची ते कोणाला सांगत नसे.

गेल्या वर्षी मंजूला दिवस गेले, तशी सरांची तऱ्हा बदलली. खडूचा नेम चुकायला लागला. देवाधर्माची टिंगल करणारा हा माणूस मला अंबादेवीच्या देवळाबाहेर, चपला न काढता, हात मागे बांधून उभा दिसला. मी विचारलं तर म्हणाले, "नवस करून राहिलो. पोरगी झाली पाह्यजे." पोरगी व्हावी म्हणून देवीसमोर उभा राहिलेला वऱ्हाडी पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं, मामासरांची आणखी एक लहर.

बाळ झाल्याचा अकोटहून फोन आला तो सकाळी, कपाशी बोंडावर आली होती त्या दिवसांत. सर माझ्या ओसरीवरच चहा पीत होते. "पोरगा झाला," एवढं म्हणाले. माझी बायको साखर आणायला आत धावली. ती परत आली तर सर पायरीवर बसलेले, तोंड पांढरंफटक.

मग त्यांनी फोन लावला आणि ओरडायला सुरुवात केली. "लस देऊ नका म्हनाव! अजून टोचू नका! मी येऊन राहिलो!"

गल्ली थक्क झाली. साथीच्या काळात याच माणसाने गल्लीतल्या एकेकाला खाटेवरून उठवून लस टोचायला नेलं होतं. "सरांना व्हॉट्सॲप बाधलं," असं समोरच्या दुकानदाराने जाहीर करून टाकलं. अकोटलाही तोच समज झाला असावा, कारण फोन बंद झाला.

सर माझ्याकडे वळले. "वकीलसाहेब, गाडी काढा. आन काळा कोट घाला."

"कोट कशाला?"

"मंजूची सासू कोनाचंच ऐकत नाही. कोटाचं ऐकन."

अंजनगाव मागे पडलं. मग सरांनी सगळं एका दमात सांगितलं. अक्काची दोन्ही बाळं कशी गेली, तोंड येऊन, जुलाब लागून, खोकून खोकून. तेव्हा सगळ्यांनी दृष्ट काढली, पाण्याला दोष दिला. पुढे शिकवण्यासाठी एक जाडं पुस्तक वाचताना त्यांना त्यात आपली दोन्ही भाचरं सापडली. पुरावा काही नव्हता, बाळांचं रक्त तपासायला बाळंच नव्हती. पण मंजूकडे तो मोडका साचा असू शकत होता, आणि मंजूकडून या बाळाकडे. असलाच, तर जन्मल्याबरोबर टोचतात ती क्षयाची लस बाकी कोणत्याही बाळाला चांगली, पण या एका बाळाच्या जिवावर बेतणारी. आधी रक्तातल्या पहारेकऱ्यांची मोजणी व्हायला हवी. ती कमी भरली तर आज उपाय आहेत, वेळेत गाठलं तर असं मूल वाचतं.

"मग आधीच का नाही सांगितलंत घरात?" मी विचारलं.

"कसं सांगू? सांगतलं का अक्काले समजन, थे तिच्यातून आलं."

"पण तुम्हीच शिकवता, आईची चूक नाही."

"वर्गात शिकवतो न. अक्का कुठी वर्गात बसते?"

दवाखान्यात पोचलो. माझा कोट पाहून कंपाउंडर आधी मागच्या दाराने निघून गेला आणि नर्सने हातातला लशीचा ट्रे खाली ठेवला. तेवढं काम कोटाने चोख केलं. खोलीत मंजू बाळाला घेऊन पडली होती. खाटेच्या एका बाजूला तिची सासू, भारदस्त बाई, हातात बटवा. दुसऱ्या बाजूला, भिंतीला टेकून, अक्का.

डॉक्टर आला तो सरांना पाहून वाकलाच. अमरावतीच्या शिकवणीतला, खडू खाल्लेल्यांपैकी. सरांनी रक्ताच्या तपासणीचं सांगितलं. तो गंभीर झाला. "याआधी घरात कोणाची बाळं गेली आहेत का?"

अक्काने मान खाली घातली. उत्तर सासूबाईंनी दिलं. "गेले न, यांचे दोन. दोन्ही पोट्टेच. मले सोयरीक झाल्यावर समजलं. यांच्या पोटी पोट्टा टिकत नाही म्हनतेत." आणि त्यांनी मंजूकडे अशा नजरेने पाहिलं की मंजूने बाळ छातीशी ओढून घेतलं. बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वी अक्काला माहेरी आणून सोडताना तिच्या सासूने असंच पाहिलं असणार. मी सरांकडे पाहिलं. तेही तेच पाहत होते.

डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला होता. वर्गातल्यासारखा तो चटकन बोलायला लागला, "म्हणजे हा आईकडून—"

"मामाकडून," सर म्हणाले.

डॉक्टर बघतच राहिला.

"मामाकडून येते थे. माह्याकडून आलं." सरांचा आवाज तोच होता, डस्टर आपटतानाचा. "खोट माह्या रक्तात हाये. अक्काचे दोन्ही पोट्टे माह्यावर गेले होते. अक्कात काई नाही, मंजूत काई नाही. ज्याले काई बोलाचं असन त्यानं मले बोला."

"पण सर, तुम्हीच तर आम्हाला—"

"तू वर्गातबी असाच मधात बोले. रक्त काढ आधी."

डॉक्टरने एकदा सरांकडे, एकदा अक्काकडे पाहिलं आणि गुपचूप सुई मागवली. हुशार मुलगा. एवढ्या वर्षांत ज्या उत्तराला कपाळावर खडू बसत होता, ते उत्तर त्याने त्या दिवशी पूर्ण गुण देऊन मान्य केलं.

आणि सासूबाईंनी तर लगेचच मानलं. "हाव बाप्पा, पोट्टे मामावरच जातेत. आमच्या घरीबी तसंच हाये." जन्मभर ऐकलेली गोष्ट अखेर एका प्रोफेसराच्या तोंडून ऐकून त्यांना बरं वाटलं असावं. मंजूवरची नजर त्यांनी काढून घेतली. मग काहीतरी उमगल्यासारखं करून म्हणाल्या, "म्हनूनच लगन नाही केलं काय भाऊ तुमी?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हाव," म्हणाले. "म्हनूनच."

मी वकील आहे. साक्षीदारांवर माझं पोट चालतं. शपथेवर बोललेली खोटी साक्ष मी शेकड्यांनी ऐकली, आणि प्रत्येक साक्षीदार स्वतःला वाचवायलाच खोटं बोलला. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी कोटाची बटणं लावत बसलो.

मोजणी त्याच दवाखान्यात झाली. डॉक्टर कागद घेऊन धावतच आला. पहारेकरी होते. भरपूर होते. खात्रीसाठी आणखी एक तपासणी बाहेर पाठवू, मग निश्चिंत मनाने लस देऊ, असं तो म्हणाला. (तीही पुढे चांगली आली, लस झाली, बाळ आता मांडीत मावत नाही.) सरांनी कागद वाचला, परत वाचला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले. काळ्या कोटाचा हा तिसरा उपयोग.

निघताना अक्का व्हरांड्यात उभी होती.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"इतके वर्स?"

"हाव अक्का."

"आन मी समजे माह्याच पोटात खोट हाये." तिचा आवाज आता हळू नव्हता. "सासूनं म्हनलं, नवऱ्यानं म्हनलं, मी खरं मानलं. उपासानं आतडे वाळले माहे. आन थे तुह्यातून आलं होतं. माहे दोन लेकरं!" ती पुढे आली, मला वाटलं ती त्यांना मारते. सर हलले नाहीत. ती तशीच मागे फिरली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

 

दिवाळी आली. भाऊबीजेला सर दरवर्षी पहिल्या एसटीने अकोटला जात. अक्काचं ओवाळणं त्यांनी नोकरी लागल्यापासून एकदाही चुकवलं नव्हतं. या वेळी अकोटचं बोलावणं आलं नाही. सकाळी उशिरा दार उघडून पाहतो तर सर आमच्या पायरीवर. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात अक्कासाठी घेतलेल्या लुगड्याची पिशवी. कुठे जायचं नसताना तयार होऊन बसलेला माणूस पाहवत नाही.

माझी बायको आत गेली, पाट मांडला, निरांजन लावलं आणि दारात येऊन त्यांच्याच पट्टीत ओरडली, "ओवाळून घ्यायचंय तर सांगायला काय झालं सर? तोंड नाही का?"

ओवाळणं झालं. अनारसा तोडता तोडता सर एकदम खुशीत आले. "काल मंजूचा फोन आल्ता. म्हने, आईनं उपास सोडले सारे. पोटभर जेवते. आन रोज मले शिव्या देते म्हने, साऱ्या गल्लीले ऐकू येते असा आवाज!" त्यांचा चेहरा फुलला होता. "अक्का! शिव्या! वकीलसाहेब, इतके वर्स तिचा राग तिच्याच आंगावर होता हो. आता जागा भेटली त्याले."

"पण सर, तिला कधीतरी खरं सांगाल ना?"

"काय सांगू? मले चांगला साचा आला, आन तुले मोडका? एकाच मायच्या पोटचे आमी. तिच्या वाट्याचं मले आलं असतं, तं मीच नसतो राह्यलो. शिव्या खाले तरी राह्यलो न." त्यांनी लुगड्याची पिशवी माझ्या बायकोच्या हातात दिली. "वहिनी, हे ठेवा तुमच्यापाशी. बोलावनं आलं तं मांगून घेईन."

बोलावणं अजून आलेलं नाही. पिशवी आमच्या कपाटात आहे.

त्या दिवशी फाटकापर्यंत गेल्यावर सर मात्र घाईघाईने परत फिरले. मला वाटलं, काहीतरी विसरले. इकडेतिकडे पाहून, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "थे अकोटचं, मामाकडून येते वालं, माह्या वर्गातल्या पोट्ट्याईले नका सांगू बरं. पेपरात चुकतीन."